एकच रिसेप्टर, अवयवागणिक वेगळे काम: न्यूक्लिअर रिसेप्टरांवरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

जीवरसायन शिकवताना दरवर्षी एका ठिकाणी मला रुखरुख लागून राहते. इन्शुलिनचा संदेश पेशीच्या बाहेरून आत कसा पोचतो, हे मी विद्यार्थ्यांना दोन तास खर्ची घालून समजावते. पण कॉर्टिसोल, थायरॉइड संप्रेरक किंवा ‘ड’ जीवनसत्त्व यांची पाळी आली, की ‘हे रेणू पेशीत शिरतात, रिसेप्टरला बिलगतात आणि जनुके चालू किंवा बंद होतात’ एवढ्या एका वाक्यावर विषय आटोपता घेते. त्या वाक्याच्या पोटात मधुमेह, यकृतात साठणारी चरबी, कोलेस्टेरॉल, पित्ताचे विकार असे कितीतरी दडलेले आहे, हे ठाऊक असूनही वेळेअभावी पुढे जावे लागते. ही उणीव आधी स्वतःपुरती भरून काढावी म्हणून न्यूक्लिअर रिसेप्टर (म्हणजे असे रेणू धरून स्वतःच जनुके चालू-बंद करणारी प्रथिने) आणि मानवी चयापचय या विषयावरचा बारा व्याख्यानांचा एक सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम मी घेतला, अडीच महिन्यांत पूर्ण केला आणि त्यातली चार व्याख्याने पुन्हा पाहिली. अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण काही दुरुस्त्यांबाबत माझा त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.

पहिली दोन व्याख्याने इतिहासाची आणि ओळखीची आहेत. इतिहास बहुधा उरकून टाकला जातो. येथे तसे झालेले नाही. संशोधक एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेले एस्ट्रोजेन वापरून, ते गर्भाशयासारख्या मोजक्या ऊतींतच का साठून राहते याचा माग कसा काढला, तेथून सुरुवात होते. मग १९८५ साली ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचे, म्हणजे कॉर्टिसोलला धरणाऱ्या रिसेप्टरचे, जनुक हाती लागले आणि पुढच्या वर्षी एस्ट्रोजेन व थायरॉइड रिसेप्टरांची जनुके मिळाली, तेव्हा ही सर्व प्रथिने एकाच कुळातली आहेत हे कसे ध्यानात आले, ते शांतपणे उलगडले आहे. माणसात या कुळाची ४८ जनुके आहेत. त्यांतल्या कित्येकांची ओळख जनुकाच्या क्रमावरून आधी पटली आणि त्यांना कोणता रेणू बिलगतो हे नंतर शोधावे लागले, म्हणून त्यांना ‘अनाथ’ रिसेप्टर म्हटले गेले. या व्याख्यानातली मला सर्वांत पटलेली गोष्ट ही, की औषध आधी आणि रिसेप्टर नंतर, हा या क्षेत्राचा उलटा क्रम ते ठसवून दाखवते. कॉर्टिसोनवरील कामाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचा रिसेप्टर कोणी पाहिलेला नव्हता. रक्तातील मेद कमी करणारी फायब्रेट १९६० च्या दशकापासून वापरात होती. ती ज्या पीपार-अल्फा रिसेप्टरवर काम करतात, तो सापडला १९९० साली. मधुमेहावरील ग्लिटाझोन औषधे पीपार-गॅमा या त्याच्या भावंड रिसेप्टरला बिलगतात, हे १९९५ साली कळले.

व्याख्याने इंग्रजीत आहेत, त्यामुळे टिपणे काढताना मराठी शब्दांचा प्रश्न पदोपदी आला. रिसेप्टरला आपण ‘ग्राही’ म्हणतो. पेशीपटलावरच्या रिसेप्टरला तो शब्द शोभतो, कारण तेथे संदेश ग्रहण करून आतल्या कोणाकडे तरी सोपवायचा असतो. न्यूक्लिअर रिसेप्टर मात्र संदेश घेतो आणि स्वतःच डीएनएवर बसून जनुकाचा कारभार हाती घेतो. मधला निरोप्या नाहीच. ‘ग्राही’ या शब्दात त्याच्या कामाचा अर्धाच भाग येतो, म्हणून मी या लेखात रिसेप्टर हाच रुळलेला शब्द ठेवला आहे.

तिसरे आणि चौथे व्याख्यान रचनेवर आहे, आणि अभ्यासक्रमाचा पाया येथे भक्कम घातला गेला आहे. डीएनएला धरणारा भाग दोन जस्तबोटांचा (जस्ताभोवती दुमडलेल्या, बोटासारख्या घड्यांचा) असतो, प्रत्येक बोटात जस्ताचा अणू सिस्टीन या अमिनो आम्लाच्या चार रेणूंनी जखडलेला असतो, हे सारे पाठ्यपुस्तकातही मिळते. पाठ्यपुस्तकात न मिळणारी गोष्ट म्हणजे बाराव्या सर्पिलाची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या बाराव्या पिळाची, हालचाल. पडद्यावर रिसेप्टरचा रेणूला धरणारा भाग संथपणे फिरत असतो. व्याख्यात्या एकेक सर्पिल राखाडी करत जातात आणि शेवटी फक्त बारावे रंगीत ठेवतात. रेणू बसण्याची खोबण रिकामी असताना ते सैल, अस्थिर असते. योग्य रेणू आत बसला की ते झाकणासारखे खोबणीवर टेकते आणि त्या टेकण्याने पृष्ठभागावर एक अरुंद खाच तयार होते, जिच्यात सह-सक्रियक प्रथिनाचा (जनुक चालू करायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा) छोटासा तुकडा नेमका बसतो. मग त्या टॅमोक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध बसलेला एस्ट्रोजेन रिसेप्टर दाखवतात: औषधाची लांब बाजूशाखा खोबणीबाहेर डोकावते, झाकण बंद होऊ देत नाही, आणि ढकलले गेलेले बारावे सर्पिल सह-सक्रियकाच्याच खाचेत जाऊन बसते. मी गेली कित्येक वर्षे ‘टॅमोक्सिफेन रिसेप्टर अडवते’ असे सांगत आले. ‘अडवते’ म्हणजे काय, ते मला त्या दीड मिनिटात दिसले.

याच ठिकाणी व्याख्यात्या अभ्यासक्रमाचे मुख्य सूत्र मांडतात. हेच टॅमोक्सिफेन स्तनात एस्ट्रोजेनच्या विरुद्ध वागते, पण हाडात आणि गर्भाशयाच्या अस्तरात एस्ट्रोजेनसारखे वागते. रेणू तोच, रिसेप्टर तोच. फरक पडतो तो त्या पेशीत सह-सक्रियक आणि (जनुक बंद ठेवायला मदत करणारी) सह-दमनक प्रथिने कोणती व किती आहेत, आणि डीएनएचा कोणता भाग उघडा आहे, यामुळे. कुलूप-किल्लीची उपमा येथे तोकडी पडते, कारण किल्ली एकच असली तरी घरागणिक दार वेगळ्या खोलीत उघडते. रिसेप्टरचे उत्तर तो कुठे आहे आणि कोणाच्या सोबतीने आहे यावर ठरते, हे सूत्र मनात धरून पुढची व्याख्याने पाहिली की एरवी विखुरलेली वाटणारी माहिती एका धाग्यात येते.

खोबणींच्या आकाराची तुलनाही उत्तम आहे. एस्ट्रोजेन रिसेप्टरची खोबण लहान आणि घट्ट, तर पीपार-गॅमाची तिच्या जवळपास तिप्पट आणि ऐसपैस. पहिलीत ठरावीक संप्रेरक अगदी अल्प प्रमाणात असले तरी घट्ट बसते. दुसरीत नाना प्रकारची मेदाम्ले ये-जा करतात आणि सैलसर बसतात. हा ढिसाळपणा नव्हे. चयापचयाशी निगडित रिसेप्टरांना विशिष्ट ग्रंथीचा हुकूम पाळायचा नसतो, तर पेशीत मेद, कोलेस्टेरॉल किंवा पित्ताम्ले साधारण किती आहेत याचा अदमास घ्यायचा असतो, आणि त्यासाठी खूप थोड्यानेच भरून जाणारी खोबण उपयोगाची नसते.

पाचव्या-सहाव्या व्याख्यानांत उपास आणि भोजनोत्तर अवस्था समोरासमोर ठेवल्या आहेत. उपासात मेदपेशींतून सुटलेली मेदाम्ले यकृतात येतात, पीपार-अल्फाला जागे करतात, आणि तीच मेदाम्ले जाळण्यासाठी व त्यांपासून कीटोन बनवण्यासाठी लागणाऱ्या विकरांची जनुके चालू होतात. म्हणजे इंधनच आपल्या भट्टीची ऑर्डर देते. ज्या उंदरांत हे जनुक काढून टाकलेले असते, ते खाते-पिते असताना बऱ्यापैकी धडधाकट दिसतात. उपाशी ठेवले की त्यांची साखर घसरते, अंग गार पडते आणि यकृत मेदाने भरून जाते.

या भागाला जोडलेला स्वाध्याय अभ्यासक्रमातला सर्वोत्तम आहे. कोऱ्या कागदावर यकृत, मेदऊती, आतडे आणि महाभक्षी पेशी (मॅक्रोफेज) अशी चार घरे आखायची. मग दिलेला रेणू प्रत्येक घरात कोणत्या रिसेप्टरला बिलगेल आणि त्याने काय वाढेल, काय घटेल, हे उत्तर न पाहता लिहायचे. मी एलएक्सआर या रिसेप्टरपाशी चुकले. पेशीत कोलेस्टेरॉल जास्त झाले की त्याचे ऑक्सिडीकृत रूप एलएक्सआरला बिलगते आणि महाभक्षी पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढणाऱ्या एबीसीए-१ या वाहकाचे जनुक चालू होते, एवढे मी बरोबर लिहिले आणि ‘रोहिणीकाठिण्यावर (रक्तवाहिन्यांत मेद साठून त्या कडक होण्यावर) उपयुक्त’ असा शेराही मारला. यकृताचे घर मात्र रिकामे सोडले. तेथे तोच एलएक्सआर एसआरईबीपी-१सी या प्रथिनामार्फत मेदाम्ले बनवण्याचा वेग वाढवतो, त्यामुळे यकृतात आणि रक्तात ट्रायग्लिसराइड चढतात. एका घरात लाभ आणि शेजारच्या घरात हानी, म्हणून एलएक्सआरला चेतवणारी औषधे रोहिणीकाठिण्यासाठी वापरात येऊ शकली नाहीत. रिकामे राहिलेले ते घर मला अजून दिसते. आणि शिकवताना ते आता मी आधी भरते.

पित्ताम्लांचे चक्र व्याख्यात्यांनी संगणकाची मदत न घेता कागदावर पेनाने काढले आहे, आणि ते चित्र सफाईदार आकृत्यांपेक्षा जास्त लक्षात राहते. आतड्याच्या शेवटच्या भागात पित्ताम्ले शोषली जातात तेव्हा तेथील एफएक्सआर हा रिसेप्टर जागा होतो, एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते, आणि ते यकृताला कळवते की पित्ताम्ले पुरेशी आहेत, कोलेस्टेरॉलपासून नवी बनवू नका. यकृतातील एफएक्सआरही स्वतंत्रपणे तेच सांगतो. दोन बाजूंनी एकच निरोप येण्याचे कारण त्या पुढच्या वाक्यात देतात: पित्ताम्ले साबणासारखी असतात, ती यकृताच्या पेशीत साचली तर पेशीपटलेच विरघळवतील.

सातवे व्याख्यान थायरॉइड संप्रेरकाला दाद न देणाऱ्या आनुवंशिक विकारावर आहे, आणि केवळ या एका व्याख्यानासाठीसुद्धा मी हा अभ्यासक्रम घेतला असता. १९६७ साली रेफेटॉफ यांनी प्रथम वर्णन केलेल्या या विकारात रक्तातील थायरॉइड संप्रेरक वाढलेले असते, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येणारे, थायरॉइडला चालना देणारे टीएसएच जसे दबायला हवे तसे दबत नाही. बहुतेक रुग्णांत दोष थायरॉइड रिसेप्टर बीटाच्या जनुकात असतो. दोन प्रतींपैकी एकच प्रत बिघडलेली असताना विकार का व्हावा, या प्रश्नावर व्याख्यात्या तब्बल वीस मिनिटे देतात आणि ती सार्थकी लागतात. थायरॉइड रिसेप्टर संप्रेरक नसतानाही डीएनएवर बसलेला असतो आणि सह-दमनकाला सोबत घेऊन जनुक बंद ठेवतो; संप्रेरक आले की सह-दमनकाला सोडून सह-सक्रियकाला जवळ करतो. बिघडलेला रिसेप्टर ती सोडवणूक करू शकत नाही. तो डीएनएवरची जागा अडवतो, जनुक बंदच ठेवतो आणि चांगल्या प्रतीपासून बनलेल्या रिसेप्टरालाही काम करू देत नाही. आता हृदयाकडे पाहायचे. तेथे प्रामुख्याने अल्फा प्रकारचा रिसेप्टर असतो आणि तो शाबूत असतो, त्यामुळे वाढलेल्या संप्रेरकाचा मारा त्याला पुरेपूर बसतो आणि नाडी जलद चालते, तर बीटावर विसंबलेल्या यकृताला आणि पियूषिकेला संप्रेरक अपुरे वाटते. एकाच देहात एक अवयव अतिरेकाने आणि दुसरा तुटवड्याने त्रस्त असतो. रक्ततपासणीचा एक आकडा पाहून ग्रंथीवर उपचार केले तर अशा रुग्णाचे नुकसानच होते, हे व्याख्यात्या ज्या कळकळीने सांगतात, ती कळकळ पडद्याआडूनही पोचते.

आठवे आणि नववे व्याख्यान त्यामानाने धावते आहे. पीएक्सआर या रिसेप्टरबद्दल आवश्यक तेवढे येते: रिफॅम्पिसिन हे क्षयरोगावरील औषध त्याला बिलगून यकृतातील सीवायपी-३ए४ हे औषधे मोडणारे विकर वाढवते, मग गर्भनिरोधक गोळ्यांसह कित्येक औषधे लवकर निकामी होतात, आणि उंदराचा पीएक्सआर रिफॅम्पिसिनला माणसासारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून प्राण्यांवरील चाचण्यांत असा धोका नजरेआड राहू शकतो. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा भाग आणखी छोटा, पण नेटका आहे. हा रिसेप्टर मिठाचा समतोल राखणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाइतकाच कॉर्टिसोललाही धरतो, आणि कॉर्टिसोल रक्तात कितीतरी जास्त असते. मूत्रपिंडातील एक विकर कॉर्टिसोलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करून रिसेप्टरला वाचवते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिनपासून शरीरात बनणारा पदार्थ ते विकर अडवतो, म्हणून ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरते.

माझी मुख्य तक्रार दहाव्या व्याख्यानाबद्दल आहे. विषय औषधांचा, आणि विशेषतः ग्लिटाझोनांचा. नऊ व्याख्याने ज्या सूत्रावर उभी आहेत, तेच सूत्र व्याख्यात्या येथे अचानक खाली ठेवतात. पीपार-गॅमा चेतवल्यावर मेदऊतीची साठवणक्षमता वाढते, यकृतात आणि स्नायूंत भलतीकडे साठलेली चरबी तिकडे परतते, अडिपोनेक्टिन हे मेदपेशींतून स्रवणारे संप्रेरक वाढते आणि इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, इथपर्यंत विवेचन उत्तम आहे. वजन वाढूनही साखर का सुधारते, हे कोडेही सुटते. नंतर मात्र पडद्यावर ‘दुष्परिणाम’ या मथळ्याखाली यादी येते: अंगाला सूज, हृदयनिकामीपणाचा धोका, अस्थिभंग, वजनवाढ. यादी वाचली जाते आणि व्याख्यान पुढे सरकते.

ही यादी नव्हतीच मुळी. तो याच विषयाचा कस पाहणारा प्रसंग होता. पीपार-गॅमा मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांतही असतो. तेथे तो चेतवला की सोडियम आणि पाणी धरून ठेवले जाते, आणि ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे त्याला ते पेलत नाही. अस्थिमज्जेतील मूळ पेशींपुढे हाडपेशी किंवा मेदपेशी होण्याचे दोन मार्ग असतात. पीपार-गॅमा त्यांना मेदपेशीकडे वळवतो, म्हणून ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंग वाढलेले आढळले. म्हणजे सूज आणि अस्थिभंग हे औषधाच्या गुणाला चिकटलेले उपद्रव नव्हेत. तो तोच गुण आहे, दुसऱ्या अवयवात प्रकटलेला. याउलट ट्रोग्लिटाझोन यकृताच्या गंभीर हानीमुळे २००० साली अमेरिकेत बाजारातून काढून घेतले गेले, त्या दोषाचे खापर रिसेप्टरवर फोडता येत नाही, कारण याच वर्गातल्या पुढच्या औषधांत यकृताची तशी हानी त्या प्रमाणात दिसली नाही. तो दोष त्या रेणूचा होता. रिसेप्टरमुळे होणारी हानी आणि रेणूमुळे होणारी हानी यांतला हा भेद ज्याला कळला, त्याला नव्या औषधाकडे कसे पाहायचे ते कळले. चौथ्या व्याख्यानात टॅमोक्सिफेनबाबत जी दृष्टी दिली, ती येथे वापरली असती तर हे व्याख्यान सातव्याच्या तोडीचे झाले असते.

अकरावे व्याख्यान काळाच्या मागे पडले आहे. यकृतातील थायरॉइड बीटा रिसेप्टरला चेतवणारे रेस्मेटिरॉम ‘चाचण्यांच्या टप्प्यात’ असल्याचे त्यात सांगितले जाते. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत यकृतातील मेदजन्य दाह आणि तंतुमयता यांवर त्याला मान्यता मिळाली आहे. एफएक्सआरवर काम करणाऱ्या ओबेटिकोलिक आम्लाबद्दलचा सूर केवळ आशेचा आहे, तर २०२४ मध्येच युरोपीय औषध संस्थेने त्याचा परवाना रद्द करण्याची शिफारस केली. ध्वनिमुद्रण जुने असणे समजू शकते. अभ्यासक्रमाच्या पानावर दोन ओळींची पुरवणी जोडणे मात्र अवघड नव्हते. देहाच्या दैनिक घड्याळाशी जोडलेला, हीमला (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त रेणूला) धरणारा आरईव्ही-ईआरबी रिसेप्टर जेमतेम दोन मिनिटांत आटोपला आहे, याचेही वाईट वाटते, कारण रात्रपाळी आणि चयापचय या विषयावर विद्यार्थी आपणहून प्रश्न विचारतात.

उपशीर्षकांकडे कोणी मन लावून पाहिलेले नाही. पाचव्या व्याख्यानात दोन ठिकाणी व्याख्यात्या ‘गॅमा’ म्हणतात आणि खाली ‘अल्फा’ उमटते. ऐकणाऱ्याला ते खटकेल. पण उपशीर्षकांवरच अवलंबून असणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत मेद जाळणारा आणि मेद साठवणारा रिसेप्टर यांची अदलाबदल होईल. मी वेळेच्या नोंदीसह लिहून कळवले. आठवड्याभरात एक चूक सुधारली गेली, दुसरी हे लिहीपर्यंत तशीच आहे. प्रत्येक व्याख्यानानंतरच्या पर्यायी प्रश्नांविषयीही फार चांगले बोलता येत नाही. ‘माणसात न्यूक्लिअर रिसेप्टर किती’ असले प्रश्न स्मरणशक्ती तपासतात, आणि ज्या अभ्यासक्रमाने कोऱ्या कागदावरचा तो स्वाध्याय दिला त्याला ते शोभत नाहीत.

पदव्युत्तर विद्यार्थी, जीवरसायन व औषधशास्त्राचे शिक्षक आणि मधुमेह किंवा यकृतविकारांचे रुग्ण पाहणारे डॉक्टर यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या व्याख्यानापासून दम लागेल. त्याने जनुकाची अभिव्यक्ती हा भाग आधी पक्का करावा. क्रमाबद्दल माझी सूचना अशी, की चौथे व्याख्यान झाल्यावर लगेच सातवे पाहावे आणि मग पाचव्याकडे परतावे. थायरॉइडचे उदाहरण आधी मनात बसले की उपास-भोजनाचे गुंतागुंतीचे चित्र झेपते. दहावे व्याख्यान मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवते, पण दुष्परिणामांची यादी पडद्यावर आली की ते थांबवते आणि चार घरांचे कोरे कागद वाटते. या वेळी घरे असतात मेदऊती, मूत्रपिंड, अस्थिमज्जा आणि यकृत.